जपानला जाताना खाऊची बॅग घरी ठेवा

पोस्ट मोठी होणारे, आधीच सांगते. नोव्हेंबरात आई आणि मी पंधरा दिवस टोकियोला जाऊन आलो आणि आल्यापासून ज्या ज्या मैत्रिणीचा मेसेज आला तिचा पहिला प्रश्न एकच, "खायचे हाल झाले असतील ना गं?" प्रत्येकीला वेगळं उत्तर देत बसण्यापेक्षा इथेच लिहिते. नाही झाले हाल. उलट गेल्या कित्येक वर्षांत मी इतकी मन लावून जेवले नव्हते, आणि आई तर वय वर्षं ६८, रत्नागिरीची, हाताला जबरदस्त चव असलेली बाई, ती सुद्धा आल्यावर शेजारच्या काकूंना सांगत होती की तिकडचं जेवण आपल्याला परकं नाही हो. या वाक्यावरच मला लिहायचंय.

आम्ही राहिलो माझ्या शाळेतल्या मैत्रिणीकडे. (नाव टाकू नकोस म्हणालीय, म्हणून मैत्रीणच म्हणते.) पुण्यात जपानी शिकली, मग आयटीतली नोकरी, आणि आता अकरा वर्षं झाली निशिकासाईला राहते. टोकियोतल्या एदोगावा वॉर्डात तोझाई लाईनवरचं हे स्टेशन. २००० सालाच्या आसपास वायटूकेच्या, म्हणजे नवं शतक लागताना कॉम्प्युटरमधल्या तारखा दुरुस्त करण्याच्या, कामासाठी आपली आयटीची मुलं जपानला जायला लागली आणि त्यातली बरीच या भागात राहिली. आज तिथे लिफ्टमध्ये शिरलं की मराठी कानावर पडतं, दुकानात तूरडाळ मिळते, कढीपत्ता मिळतो. २०१९ मध्ये याच एदोगावा वॉर्डाच्या सभेवर मूळचे भारतातले योगेंद्र पुराणिक निवडून आले होते, तेव्हा आपल्याकडच्या पेपरात बातम्या आल्या होत्या, आठवत असेल काहींना.

म्हणजे ठरवलं असतं तर आम्ही पंधरा दिवस वरणभात, पोळीभाजी खाऊन परत येऊ शकलो असतो. आणि आईची तयारी तशीच होती. मैत्रिणीसाठी मेतकूट, गोडा मसाला नेला ते बरोबरच आहे, पण आमच्या दोघींसाठी म्हणून एक अख्खी वेगळी बॅग, त्यात भाजणी, भगर, साबुदाणा, चकल्या, खाकऱ्यांची पाकिटं, शेंगदाण्याची चटणी. मैत्रिणीने पहिल्याच संध्याकाळी ती बॅग उचलून माळ्यावर ठेवली आणि म्हणाली, "काकू, रात्री घरी माझ्या हातचा वरणभात, पण दिवसा बाहेर मी देईन ते खायचं. नाही आवडलं तर सांगा, ही बॅग काढते." आई गप्प बसली. मला वाटलं दोन दिवसांत बॅग खाली येणार.

तिसऱ्या दिवशी ती आम्हाला जिम्बोचोला घेऊन गेली. जुन्या पुस्तकांच्या दुकानांचा भाग आहे, अप्पा बळवंत चौक दहा पटीने मोठा करावा तसा, फुटपाथवर रॅक मांडलेले, माणसं उभ्याउभ्या पानं उलटतायत. तिथून एका गल्लीत सोबाचं छोटं दुकान. बाहेर निळा पडदा, आत मोजून दहा माणसं बसतील एवढी जागा, म्हातारे आजोबा आत नूडल्स उकळतायत आणि आजी वाढतायत. सोबा म्हणजे कुट्टूच्या (बकव्हीटच्या) पिठाच्या नूडल्स, बऱ्याच ठिकाणी आठ भाग कुट्टू आणि दोन भाग गहू असं प्रमाण असतं. उकडून थंड पाण्यात खळखळून धुवून बांबूच्या चटईवर वाढतात, बाजूला छोट्या वाटीत काळपट खारट गोडसर सार, चिरलेली पात, चिमूटभर वासाबी, नाकात चढणारी ती तिखट हिरवी चटणी. बस. एवढंच ताट. आईने माझ्याकडे बघितलं, मला ती नजर ओळखीची आहे, "हेच का जेवण?" असं विचारणारी.

शेजारच्या माणसाने हात जोडले, काहीतरी पुटपुटला आणि फुर्रर्र आवाज करत खायला लागला. आईने विचारलं तो काय म्हणाला गं. मैत्रीण म्हणाली इतादाकिमासु, म्हणजे मी हे नम्रपणे घेतो, प्रत्येक जेवणाआधी म्हणतात, एकटा माणूस असला तरी म्हणतो. आईने काही न बोलता हात जोडले, डोळे मिटले, मला माहितीये तिने मनात वदनी कवळ घेता म्हटलं असणार, कारण डोळे उघडायला तिला तेवढाच वेळ लागला.

मग ती फुरके मारून जेवली. आयुष्यभर आम्हा भावंडांना जेवताना आवाज करू नका म्हणून ओरडलेली माझी आई. मैत्रिणीने सांगितलं होतं की सोबा खाताना आवाज करायचाच, हवेबरोबर ओढला की त्याचा वास नाकात चढतो. आणि खरंच चढतो, भाजलेल्या धान्यासारखा, ओल्या मातीसारखा, त्याला गरमागरम मसाल्याच्या जेवणासारखी पहिल्या घासाला दाद मिळत नाही, चौथ्या पाचव्या घासाला कळतं की अरे इथे काहीतरी आहे.

आणि मग शेवटी आजींनी एक लाल चौकोनी भांडं आणून ठेवलं, किटलीसारखी छोटी तोटी असलेलं. आत वाफाळतं पांढुरकं पाणी. सोबायू. सोबा ज्या पाण्यात उकळतात तेच पाणी, ते टाकत नाहीत, वाटीत उरलेल्या सारात ओतून प्यायचं. आईने ओतलं, दोन्ही हातात वाटी धरली, एक घोट घेतला आणि म्हणाली, "अगं, हा तर कट!"

पुरणाची डाळ शिजवून वर येतं ते पाणी, त्याची आमटी आमच्याकडे पुरणपोळीपेक्षा जास्त संपते. तिने परत ओतून घेतलं, परत प्यायली. आजींकडे बघून मराठीत म्हणाली, "आमच्याकडेही टाकत नाहीत हो." आजींना अर्थात काही कळलं नाही, मैत्रिणीने भाषांतर केलं, कटाची आमटी काय असते ते समजावून सांगितलं, तेव्हा त्या हसल्या आणि आत जाऊन आजोबांना सांगून आल्या, आजोबांनी आतूनच मान तुकवली. आम्ही निघताना आईने मैत्रिणीला विचारून पाठ केलेलं गोचिसोसामा म्हटलं, जेवल्यानंतर म्हणायचा शब्द. आपलं अन्नदाता सुखी भव म्हणा ना.

तो दिवस मला एवढा मोठा का वाटतो सांगते. दोन दिवसांनी असाकुसामध्ये एका उदोनच्या, म्हणजे गव्हाच्या जाड नूडल्सच्या, दुकानात आम्ही बसलो होतो आणि आठ जणांचा एक ग्रुप आत आला, मराठी माणसं, टूरवर आलेली. आठ जणांत दोन बाऊल मागवले आणि पिशवीतून पराठे, लोणचं, फरसाण काढून टेबलावर मांडलं. दुकानदार दोनदा येऊन हाताने नाही नाही असं करून गेला, भिंतीवरची पाटी दाखवून गेला, यांच्यातला एकजण म्हणाला, "अहो त्याला काय कळतंय, खा तुम्ही." बाहेर थंडीत माणसं रांगेत उभी होती. मला इतकं वाईट वाटलं की माझा घास घशाखाली उतरेना. बारा खुर्च्यांचं दुकान, दुपारचे दोन अडीच तास हाच त्या माणसाचा धंदा, त्यात आठ खुर्च्या तुम्ही अडवणार आणि वर त्याचं अन्न न खाता आपला डबा उघडणार. आपल्या खानावळीत कुणी येऊन असं केलं तर आपण काय म्हणू?

मी त्या माणसांना वाईट म्हणत नाहीये. त्यांना कुणी सांगितलंच नाही. आपल्याकडे परदेश टूरच्या जाहिरातीत पहिलं आश्वासन काय असतं, रोज घरच्यासारखं जेवण. पुरणपोळी मिळेल, श्रीखंड मिळेल. ज्यांना पथ्य आहे, डायबिटीस आहे, जे कडक शाकाहारी आहेत त्यांच्यासाठी ही सोय हवीच, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण तब्येत ठणठणीत, आवडीने सगळं खाणारी माणसं जेव्हा लाखो रुपये खर्चून जपानला जातात आणि सात दिवस हॉटेलच्या हॉलमध्ये पनीर आणि जीरा राईस खाऊन येतात तेव्हा मला मनापासून वाटतं की त्यांचं नुकसान झालंय. देवळं, टॉवर, फुजी पर्वत फोटोत पण दिसतो. त्या आजींच्या भांड्यातलं पाणी फोटोत दिसत नाही.

आता शाकाहारी लोकांसाठी खरं ते सांगते, गोड बोलून फसवणार नाही. अडचण मांस नाही, अडचण दाशी आहे. दाशी म्हणजे तिकडच्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, साधारण कोम्बू नावाचं समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे उकडून धुरी देऊन लाकडासारखा वाळवलेला मासा, यापासून करतात. मिसो (आंबवलेल्या सोयाबीनच्या) सूपमध्ये ती असते, सोबाच्या सारात असते, साध्या ऑम्लेटमध्ये सुद्धा असते. म्हणजे डिशमध्ये मासा दिसत नाही म्हणून ती शाकाहारी असं नाही. आई आणि मी मासे खातो, म्हणून आम्हाला सोपं गेलं. त्सुकिजीचा घाऊक मासळी बाजार २०१८ मध्ये तोयोसूला हलवला तरी बाहेरची किरकोळ दुकानं अजून तिथेच आहेत, तिथे कात्सुओबुशीच्या दुकानासमोर आई थांबली, मोठा श्वास घेतला आणि म्हणाली सुक्या मासळीच्या बाजारात आल्यासारखं वाटतंय. कात्सुओबुशीचा मासा आपल्या गेदरच्याच (ट्यूनाच्या) जातीतला. आपण सुकट आमटीत घालतो ती कशासाठी, चवीला खोली यावी म्हणूनच ना, तेच हे. १९०८ मध्ये किकुनाए इकेदा नावाच्या टोकियोतल्या प्राध्यापकाने कोम्बूच्या पाण्यातून ती चव नेमकी कशाची ते शोधून काढलं आणि तिला उमामी नाव दिलं, पण रत्नागिरीच्या बाईला ते जिभेने कळलं होतंच.

शाकाहाऱ्यांनी मैत्रिणीचा सल्ला ऐका. जपानीत लिहिलेलं कार्ड जवळ ठेवा, मांस, मासे आणि माशाची दाशी चालत नाही असं स्पष्ट लिहिलेलं, नुसतं व्हेज म्हणून भागत नाही. बौद्ध मठांच्या परंपरेतलं शोजिन र्‍योरी मिळतं तिथे जा, त्यात दाशी कोम्बू आणि सुक्या शिताके मशरूमची असते, मासा नसतो. कोम्बिनीत, म्हणजे कोपऱ्याकोपऱ्यावरच्या छोट्या दुकानांत, उमेबोशीची ओनिगिरी (भाताचा गोळा) शोधा, पाकिटामागचं मोबाईलवर भाषांतर करून बघून घ्या. उमेबोशी म्हणजे मिठात मुरवून वाळवलेलं आंबट फळ, भाताच्या गोळ्यात मधोमध, जीभ झिणझिणते इतकं आंबट खारट. गरम भातावर लिंबाच्या जुन्या लोणच्याची फोड ज्याला आवडते त्याला हे आवडणारच. आणि त्या ओनिगिरीचं वेष्टन, त्यावर एक दोन तीन असे आकडे, त्या क्रमाने ओढलं की समुद्री शेवाळाची पट्टी कोरडी कुरकुरीत राहून बरोब्बर भाताभोवती बसते. आई रोज एक घ्यायची, मला वाटतं खाण्यापेक्षा ते उघडण्यासाठी जास्त.

शहराबद्दल लिहायचं तर मला सगळ्यात जास्त भावलं ते एकट्याने जेवणाऱ्याला तिथे असलेली जागा. काउंटरवर एक खुर्ची, समोर स्वयंपाक करणारा माणूस, दारातल्या मशीनमध्ये पैसे टाकून कुपन घ्यायचं, बसायचं, पाणी न मागता येतं, टीप द्यायची नाही, कुणी बघत नाही. एक दिवस मी एकटी गेले रामेन खायला. माझ्या डाव्या बाजूला ऑफिसातली तरुण मुलगी, उजवीकडे सत्तरीचे आजोबा, तिघं तीन दिशांनी आलेले आणि तिघांचं लक्ष आपापल्या बाऊलमध्ये. आपल्याकडे बाईने एकटीने हॉटेलात बसून जेवायचं म्हणजे अजून वेटर विचारतो मॅडम आणखी कोणी येणारे का. तिथे तो प्रश्नच नाही. इतकं मोकळं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मैत्रिणीची लेक तिसरीत आहे, तिकडच्या सरकारी शाळेत जाते, पाठीला ते टणक दप्तर लावून चालत, आईबाप सोडायला जात नाहीत. शाळेत जेवण मिळतं आणि मुलंच पांढरे ॲप्रन टोप्या घालून एकमेकांना वाढतात. मला म्हणाली, "मावशी, आज माझी वाढायची पाळी होती, मी सगळ्यांना सारखं सूप वाढलं, शेवटच्याला पण उरलं." केवढा अभिमान त्या चेहऱ्यावर. संध्याकाळी वस्तीतल्या भोंग्यांवर हळू धून वाजते, आपत्तीच्या वेळी सूचना द्यायची यंत्रणा रोज अशी तपासून बघतात आणि मुलांना कळतं की खेळ आवरून घरी जायचं. आपल्याकडे तिन्हीसांजेला आजी हाका मारायची तसंच.

सगळं गोडगोड नाही, तेही लिहिते. मैत्रिणीचा नवरा रात्री दहाच्या आधी क्वचित घरी आला. सकाळच्या तोझाई लाईनच्या गर्दीपुढे मला आपली डोंबिवली फास्ट आठवली, फरक एवढाच की त्या डब्यात कुणी चकार शब्द बोलत नव्हतं, आणि ती शांतता मला पहिल्या दिवशी छान आणि दहाव्या दिवशी जड वाटली. मैत्रीण म्हणाली पहिली दोन वर्षं शेजारणीशी फक्त नमस्कार होता, बोलणं सुरू झालं ते दिवाळीला चकल्या दिल्या तेव्हा. तिकडूनही वाटी रिकामी परत आली नाही, तीन दिवसांनी घरी केलेल्या उमेबोशी आल्या. बघा, परत अन्नच.

शिंजुकूला नाकामुराया म्हणून जुनं नाव आहे, तिथे मी मुद्दाम गेले. क्रांतिकारक रासबिहारी बोस १९१५ मध्ये इंग्रजांना चुकवून जपानला पोचले, पुढे त्यांच्या हद्दपारीचा हुकूम निघाला, आणि नाकामुराया बेकरीच्या सोमा दांपत्याने त्यांना आपल्या आवारात लपवून ठेवलं. १९१८ मध्ये त्या घरच्या तोशिको नावाच्या मुलीशी त्यांचं लग्न झालं. ती फार लवकर गेली, १९२५ मध्येच. १९२७ साली दुकानाने उपाहारगृह सुरू केलं तेव्हा बोसांनी तिथे आपल्या पद्धतीची कोंबडीची करी आणली. त्याआधी जपानला करी माहीत होती ती इंग्रजांमार्फत आलेली, पीठ लावून दाट केलेली. ही वेगळी, हाडासकट चिकन, मसाल्याचा वास असलेली. जपानी माणसांनी ती नाक न मुरडता खाल्ली आणि जवळपास शंभर वर्षं झाली, अजून खातायत. मी तिथे बसून भाताबरोबर ती करी खाल्ली आणि खरं सांगते, डोळ्यात पाणी आलं. घर सुटलेला एक माणूस, त्याने आपली चव पुढे केली आणि त्यांनी ताट पुढे केलं. आपल्याला त्यांच्या सोबासाठी तेवढं ताट पुढे करायला काय हरकत आहे?

आता शेवटचा दिवस. संकष्टी आली होती. मला वाटलं आज तरी ती बॅग निघणार, भगर साबुदाणा होताच. पण मैत्रिणीच्या घराजवळच्या सुपरमार्केटात दाराशीच गरम दगडांवर भाजलेली रताळी ठेवलेली असतात, याकिइमो म्हणतात, हिवाळ्यातला तिकडचा आवडता खाऊ. साल करपलेली, आत पिवळंधमक, चिकट, मधासारखं गोड, साखर न घालता. आईने कागदी पिशवीत हात शेकत शेकत खाल्लं आणि म्हणाली उपासाचं तर जागोजागी मिळतंय की.

मग मैत्रीण आम्हाला असाकुसाच्या पलीकडे सुमिदा नदीजवळच्या मात्सुचियामा शोदेन देवळात घेऊन गेली. इथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपतीच, भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर तिकडे पोचलेला. मूर्ती कधी दाखवत नाहीत, दार बंदच. आणि त्याला वाहतात काय, तर मुळा! पांढरा शुभ्र हातभर लांबीचा दायकोन मुळा, देवळातच विकत मिळतो, भिंतींवर आणि दिव्यांवर सगळीकडे एकमेकांत गुंफलेले दोन मुळे कोरलेले. टेकडी छोटीशी आहे पण आईचे गुडघे दुखतात, तर वर जायला एक चिमुकला डबा आहे रुळावरचा, त्यात बसून ती गेली. दोन्ही हातांत तान्हं बाळ धरावं तसा मुळा धरून ती बंद दारासमोर उभी राहिली. अथर्वशीर्ष म्हटलं, हळू आवाजात, पूर्ण. मागे रांगेत दोन जपानी बायका होत्या, त्या थांबल्या, पुढे सरकल्या नाहीत, तिचं होईपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या.

परत जाताना पूल ओलांडून पलीकडे मुकोजिमाला गेलो, तिथे चोमेइजी देवळापाशी १७१७ पासून साकुरामोची विकणारं दुकान आहे. देवळाच्या रखवालदाराने नदीकाठच्या चेरीच्या झाडांची पडणारी पानं वाया न घालवता मिठात मुरवली आणि त्यात गोड गुंडाळून विकायला सुरुवात केली अशी त्याची गोष्ट सांगतात. पातळ पिठाची पोळी, आत अझुकी नावाच्या लाल कडधान्याचं गोड सारण, बाहेरून ती खारवलेली पानं. आईने खोका नाकाशी धरला. "पातोळ्यांना हळदीचं पान, तसं यांना हे," एवढंच म्हणाली.

रात्री निशिकासाईच्या गॅलरीतून चंद्र दिसला. मैत्रिणीने तिच्या छोट्या देव्हाऱ्यापुढे पाट मांडला, आईने वाटीत दूर्वा नव्हत्या म्हणून खालच्या बागेतलं गवत ठेवलं, आणि ताटात वरणभाताच्या शेजारी साकुरामोची वाढून नैवेद्य दाखवला. मैत्रिणीच्या लेकीने विचारलं, "आजी, मोदक नाही?" आई म्हणाली, "सारण आहे, वर पान आहे, त्याला कळतं." बॅग तशीच माळ्यावर राहिली, येताना मैत्रिणीला देऊन आलो.